कच्चं ऐकवत नाही

"काका, हेडफोनमध्ये आवाज येऊन राहिला का?" मी दार अर्धवट उघडून विचारलं.

"हव. मस्त येऊन राहिला."

माझ्या हेडफोनमध्येही येत होता. मी दार लावलं, माझ्या खुर्चीत येऊन बसले आणि लाल बटण दाबलं. इथवर सगळं बरोबर झालं, असं मी पुढचे चार दिवस समजत होते.

शंकर नगरातल्या माझ्या फ्लॅटची मागची खोली म्हणजे स्टुडिओ. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीला जुनी रजई. पुढच्या खोलीत लॅपटॉप आणि मी. रायपूर राजधानी झाल्यापासून जाहिराती वाढल्या, सरकारी घोषणा वाढल्या, त्यावर माझं बरं चाललं होतं. अशा ठिकाणी वानखेडेकाका मंगलाष्टका रेकॉर्ड करायला आले.

काका रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे अमरावतीकडचे, राहायला ब्राह्मणपाऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ॲडमिट व्हायचं होतं. गळ्यात गाठ होती आणि डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. तीन महिन्यांनी त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, रश्मीचं लग्न होतं. आपल्याकडे हौशी माणूस घरच्या लग्नात स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हणतो. काकांनी पाच कडवी रचली होती. स्वतः उभं राहून म्हणता येणार नाही, म्हणून लग्नात स्पीकरवर लावायची.

"मुलाकडच्यांना मराठी कळेल का?" मी उगाच विचारलं.

"त्यायले काय करायचं आहे? पोट्टीले समजलं म्हणजे झालं. तिलेबी अजून ऐकवलं नाही मी. लग्नातच ऐकू दे."

आता थोडं तांत्रिक, पण अवघड नाही. माइकची वायर एका छोट्या डबीत जाते, तिला इंटरफेस म्हणतात. डबीतून आवाजाला दोन वाटा असतात. एक वाट थेट हेडफोनला, गाणाऱ्याच्या आणि माझ्याही. ही डायरेक्ट मॉनिटरची वाट. ती वापरतात, कारण लॅपटॉपमधून फिरून आलेला आवाज कानात किंचित उशिरा पडतो आणि गाणारा अडखळतो. दुसरी वाट लॅपटॉपला. तिथे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, की बाबा, या डबीतला आवाज घे. पहिली वाट चालू आहे म्हणून दुसरी चालू आहे, असं अजिबात नसतं. मी हे नव्या लोकांना शिकवते, आणि चांगलं शिकवते.

आदल्या दिवशी एका जाहिरातवाल्याला घाईत नमुना पाठवायचा होता. डबी जोडायचा कंटाळा केला आणि लॅपटॉपच्या अंगच्या माइकवर चार ओळी बोलून पाठवल्या. सेटिंग तिथेच राहिलं. म्हणजे काका मागच्या खोलीत गात होते, आणि लॅपटॉप पुढच्या खोलीत माझ्याकडे कान लावून बसला होता.

लॅपटॉपवरचा आवाजाचा मीटर हलत नव्हता का? हलत होता, तेच तर नडलं. काकांना सूर हवा होता म्हणून सुरपेटी माझ्या टेबलावर चालू होती. तिची वायर डबीत, म्हणून ती काकांच्या कानात वाजत होती. पण तिचा स्वतःचा बारका स्पीकरही चालू होता आणि लॅपटॉप तो ऐकत होता. हिरवी पट्टी छान वर उभी. मी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून ऐकत बसले.

काकांचा आवाज खरखरीत झाला होता, मध्ये मध्ये फाटत होता. पण चाल पक्की होती आणि घाई नव्हती. तिसऱ्या कडव्यात ओळ आली:

"रश्मी ही निघता घरातुनि अता, दारी उभा बाप हा"

'उभा'वर ते थांबले. श्वास घेतला. मग 'बाप हा' इतकं हळू म्हणाले, की मी "वा" म्हणून गेले आणि डोळे पुसले.

पाचवं कडवं 'कुर्यात् सदा मंगलम्' करून संपलं. काका घामाघूम होऊन बाहेर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ऐकव न एकदा."

मी म्हणाले, "काका, मी कच्चं ऐकवत नाही. मिक्स करून देते, मग बघा."

हा माझा जुना तोरा. कच्चा आवाज ऐकला की गिऱ्हाईक हिरमुसतं, म्हणून साफसूफ केल्याशिवाय मी कुणाला काही ऐकवत नसे. काका म्हणाले, "तुले समजते त्यातलं," आणि चहा पिऊन गेले. दुपारचे तीन वाजले होते. ॲडमिट व्हायला दुसरी सकाळ होती आणि आवाज अजून शाबूत होता. दहा सेकंद ऐकवलं असतं, तर त्याच खुर्चीतून उठून पुन्हा गायले असते.

फाइल मी चौथ्या दिवशी उघडली. नऊ मिनिटं सुरपेटी. मध्ये माझी खुर्ची करकरली, एकदा मी नाक ओढलं, एकदा "वा". काकांचा श्वाससुद्धा नाही. मी आवाज वाढवून पाहिला, सगळे फिल्टर लावून पाहिले. नाही त्याला काय वाढवणार? ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं.

रश्मीला फोन केला. तिला मराठी समजतं, पण ती बोलते हिंदीत.

"घरी कुणी मोबाइलवर घेतलं होतं का गं? रियाज करताना?"

"नहीं दीदी. पापा छत पर जाकर करते थे, किसी को सुनने नहीं दिया. बोले, स्टूडियो में साफ आएगा. काहे?"

मी सांगितलं. तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "पापा को मैं नहीं बता पाऊँगी. आप ही बता दीजिए."

काका घरी आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. मी खरं तेच सांगितलं, लाइट गेली वगैरे काही नाही. माझी चूक, मी तपासलं नाही, तुम्ही ऐकव म्हणालात तर नाही म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. ओरडायला तरी हवं होतं त्यांनी, आणि तेही आता होत नव्हतं. मग पाटीवर लिहिलं, "तू म्हण." आणि कडव्यांचा कागद पुढे केला.

लग्नात मी म्हटल्या. सुरात म्हटल्या. लोकांनी छान म्हटलं. काका आंतरपाटाशेजारी उभे राहून बोटांनी लय धरत होते. तिसऱ्या कडव्याला मी 'उभा'वर थांबले, तसं त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. पण ते थांबणं मला जमलं नाही. मी नुसती थांबले, एवढंच.

आता माझ्याकडे कुणीही आलं, की आधी दहा सेकंद रेकॉर्ड करते, तेच त्याला ऐकवते, मग पुढचं. कच्चंच ऐकवते. आवाज येतो का, असं विचारतच नाही. गेला का, ते बघते.

पुढे रश्मी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा माझ्याकडे येऊन गेली. म्हणाली, "दीदी, पापा ने वो 'बाप हा' वाली लाइन बोली कैसे थी? आप बोलकर बताइए ना." मी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. त्या दुपारी काकांचा आवाज डबीतून निघून त्यांच्याखेरीज एकाच ठिकाणी पोचला होता, माझ्या कानात. तिथून तो काढून तिला देता येत नाही.