नारायणगडाच्या वाटेवर मिसरची गल्ली

निघालो होतो बीडजवळच्या नारायणगडाला. पुण्यातून उजाडायच्या आत गाडी काढली. नगर, कडा, जामखेड करत पाटोद्याच्या पुढं लिंबागणेशला पोचलो. रस्ता बरा आहे, फक्त उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागं अडकलात तर घाई करू नका. गणपतीचं दर्शन घेतलं, समोरच्या टपरीवर चहा सांगितला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, काय करता? म्हणालो, फिरतो.

"मंग आपाच्या वसरीवर जावा की. दुपारी मिसर ऐकवतेत."

नारायणगड तिथंच राहिला. माझं नेहमी असंच होतं.

आपा म्हणजे नसीम आपा, उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीण. अरबीही शिकलेल्या. त्यांच्या ओसरीवर बायका गोधड्या शिवत बसतात आणि आपा अरबी कादंबरी मांडीवर घेऊन सरळ मराठीत सांगत जातात. लिहिणारा इजिप्तचा, म्हणजे मिसरचा. बायकांनी त्याचा 'मिसरवाला' करून टाकलाय, मीही तेच म्हणतो.

मी बारावीनंतर धड पुस्तक हातात धरलेलं नाही. पण हा माणूस भारीच. आयुष्यभर एका शहरात राहिला, सरकारी हपिसात खर्डेघाशी केली, ठरलेल्या चहाच्या दुकानात बसला, ठरलेल्या वेळी लिहिलं. एवढ्यावर त्यानं एक गल्ली अशी उभी केली की सगळ्या जगानं तिच्यात डोकावलं. मी पायाला भिंगरी लावून फिरतो, तरी माझ्या गल्लीतल्या शिंप्याचं नाव मला सांगता यायचं नाही.

कादंबरीतही एक शिंपी होता. त्याची बायको रुसून गेलेली, आणि तो रोज तिच्या वाटेकडं तोंड करून मशीन चालवायचा.

"त्या गल्लीत पाण्यावरनं भांडणं हुतेत का न्हाई?" कांताबाईंनी सुई न थांबवता विचारलं.

"पुढच्या पानावर," आपा म्हणाल्या, आणि ओसरी हसली.

कांताबाई दुसऱ्या दिवशी ऊस तोडायला निघणार होत्या. टोळी माजलगावकडच्या कारखान्यावर जायची होती. उसाच्या फडावर न्यायची गोधडी पुरी होत आली होती, कादंबरीची मात्र दोन प्रकरणं बाकी. एक कसंबसं दिवेलागणीपर्यंत झालं. शिंप्याची बायको गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, तिथं ते संपलं.

आपांनी चष्मा काढला. शेवटचं थोडक्यात सांगते, म्हणाल्या.

"न्हाई आपा. बारीक करून नका सांगू," कांताबाई म्हणाल्या. "त्यानं येवढं सावकाश लिवलं, आन् मी गडबडीत ऐकू व्हय? आल्यावर ऐकंल."

"म्हंजी तुज्यापायी आमी गुढीपाडव्यापस्तोर ताटकळायचं?" सुमनबाईंनी टोमणा मारला. दात लावून कांताबाईंनी गोधडीचा शेवटचा दोरा तोडला. मग सुमनबाईच म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या आपा, झाका पुस्तक.

रात्री मुक्काम सुमनबाईंकडं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. पैसे विचारले तर त्यांच्या सासूबाई रागावल्या.

सकाळी ट्रक आला. चाकापुढं नारळ फुटला. भांडी, कोयते, दोन शेळ्या, सगळं चढलं. आपाही येऊन उभ्या होत्या. गोधडी बगलेत धरून कांताबाई वरनं ओरडल्या, "आपा, त्या बाईला तितंच उबी ठिवा. मी येऊस्तोर कुटं जाऊ देऊ नका."

"मी जाऊ देते होय," आपा म्हणाल्या.

परत येऊन मी ती कादंबरी हिंदीत मिळवली. रोज थोडी वाचली, ठरल्या वेळी, खालच्या शिंप्याच्या दुकानात बसून. त्याचं नाव दत्तू. शेवटच्या प्रकरणाची पानं न वाचताच दत्तूकडनं दोऱ्यानं बांधून घेतलीत. पाडव्यानंतर लिंबागणेशला जाईन, तेव्हा तो दोरा आपांच्या ओसरीवर सोडीन.