शाळेच्या दाखल्यावरचं नाव

माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘दगडू’ हे नाव कारकुनाच्या चुकीने पडलं, असं मी मुलांना सांगत आलो. ते खोटं आहे. नाव आईने ठेवलं होतं. माझ्याआधीची तिची तीन मुलं वर्षाच्या आत गेली. चौथ्याला दगड म्हटलं की मरण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, अशी आमच्याकडची समजूत.

नोकरी लागली आणि मी गॅझेटात नाव बदललं. कचेरीतले हाक मारताना हसायचे, एवढंच कारण.  त्या दिवसापासून आईने मला नावाने हाक मारणं सोडलं. ‘अरे’, ‘आयकलंस?’ यावरच तीस वर्षं गेली.

मी शिवडीला जहाजांच्या एजंटाकडे होतो. एकदा ग्रीक जहाजावरचा इंजिनियर शहरात उतरायचा पास घ्यायला आला. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा. नाव स्तामातिस. साहेबांची सही व्हायची होती, म्हणून सहज त्याला नावाचा अर्थ विचारला.

त्याने वाहतूक पोलिसासारखा तळहात पुढे धरला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, आमच्या भाषेत ‘थांबणं’ या शब्दावरून हे नाव आलं. माझी थोरली भावंडं पाळण्यातच गेली. मग आईने माझं नाव हे ठेवलं. मरणाला सांगितलं, आता पुरे.

 कुठला तो समुद्र, कुठली ती बाई! आम्ही राहतो ती चिंचपोकळी तिने स्वप्नातही ऐकली नसेल. माझ्या आईने मूल दगडाआड लपवलं, ती तर मरणाच्या वाटेत हात आडवा करून उभी राहिली. आणि हा माणूस ते नाव साठीला आला तरी ताठ मानेने सांगत होता. 

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात तसाच सुपात राहिला.

“काय सांगतंस! तेच्या आवशीक पण ह्या सुचला?”

“हो.”

“जिती हा ती?”

“नाही विचारलं.”

“इचारूचा मा रे!”  मग ती सूप बाजूला सारून, तीस वर्षांनी, मोठ्याने म्हणाली, “दगडू, जेवाक बस.”

आतल्या खोलीत मुलगा मित्रांबरोबर अभ्यास करत होता.

मी म्हणालो, “आई, हळू.”

तिने ताट वाढलं. पुन्हा कधी त्या नावाने हाक मारली नाही.