डाव्या चाकाचं हब

शहरातले लोक ज्याला ऑफ-रोडिंग म्हणतात, त्याला आमच्याकडे वावरात जाणं म्हणतात. त्यासाठी काळा चष्मा लागत नाही, व्हिडिओही लागत नाही. हे ठाऊक असूनही मी अमरावतीत घर ते ऑफिस अशा डांबरी रस्त्यावर फिरायला चारही चाकांना ताकद देणारी एसयूव्ही घेतली. तिच्यात एक गोल बटण आहे. ते फिरवलं की पडद्यावर चिखल, वाळू, बर्फ अशी चित्रं येतात. बर्फाचं चित्र मी मे महिन्यात अकोल्यात लावून पाहिलं. गाडी मुकाट्यानं चालली. तिनंही कधी बर्फ पाहिलेला नव्हता.

माझ्या मोठ्या बहिणीचं सासर पातूरजवळ. भाऊजींकडे जुनी जीप. एसी नाही, स्टिअरिंग वळवायचं तर खांद्यात जोर पाहिजे. चिखलात घालायची असेल तर आधी खाली उतरायचं, पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावरचं हब हातानं फिरवून लॉक करायचं, मग आत येऊन छोटा दांडा ओढायचा. दोन्हींपैकी एक जरी हब सुटं राहिलं, तरी पुढची दोन्ही चाकं नुसती नावाला. भाऊजी हे सगळं चपला काढून देवळात शिरावं इतक्या सहज करत.

आमची थट्टा ठरलेली.

"काहो साळेबुवा, बटन दाबलं का चिखल सुकते काय?"

"भाऊजी, तुमची जीप म्युझियमवाले मागून राहिले."

दोन वर्षांपूर्वी पोळ्याला मी तिकडे गेलो होतो. सकाळी पाऊस होऊन गेलेला. वावराकडे जाणाऱ्या पांदणीत दोन्ही गाड्या घालून पाहायच्या, असं ठरलं. बघायला निम्मं गाव आलं. पांदणीच्या तोंडाशी भाऊजी जीपमधून उतरले आणि मला म्हणाले, "मी उजवं लावतो, तू डावं लाव."

डाव्या बाजूला घोटाभर काळा चिखल होता. सणाचे म्हणून मी नवे बूट घातले होते. कडेला उभा राहून वाकलो, हबला बोटं लागली, पण फिरेना. फिरवायचं तर चिखलात पाय द्यावा लागला असता.

पलीकडून भाऊजींनी विचारलं, "झालं?"

मी म्हणालो, "झालं."

जीप पन्नास पावलं गेली आणि रुतली. मागची चाकं जागच्या जागी फिरून खोल खोल जात राहिली. मग मी ऐटीत चिखलाचं चित्र लावलं आणि माझी गाडी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेनं काढली. तिथं गवताखाली दगड आहेत, हे मी आधीच चालून पाहिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोळ्याच्या दिवशी बैल जुंपायचे नसतात, म्हणून जीप दोर बांधून माझ्याच गाडीनं ओढून काढली. त्याच्याही टाळ्या झाल्या. चाकं चिखलानं लिंपलेली, त्यामुळे डावं हब सुटंच आहे हे कोणाला दिसलं नाही.

भाऊजींनी जीपला बोल लावला असता तर मला एवढं लागलं नसतं. ते स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "जीप बरोबर हाय. हात गेला माहा."

त्यानंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. जीप टिनाखाली उभी राहिली आणि ते शेजाऱ्याच्या दुचाकीवर मागं बसून वावरात जाऊ लागले. इकडे मी ऑफिसात जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना करत होतो. नवं तंत्रज्ञान, सेन्सर वगैरे. एकानं तर माझ्या बोलण्यावर गाडी बुक केली.

मागच्या महिन्यात भाऊजींचा फोन आला. "जीपले गिऱ्हाईक येऊन रायलं. तू ये. तुह्यासारखीच बटनवाली घ्यावं म्हणतो. मले तं आता बटनच झेपन."

गेलो. त्यांनी जीप धुऊन पुसून ठेवली होती.

"भाऊजी, विकू नका ही."

"काहून?"

"पोळ्याला डावं हब मी लावलंच नव्हतं."

ते चाकाकडे बघत राहिले. "तू तं झालं म्हणला होता."

"हो."

"मंग लावलं काहून नाई?"

"बूट भरले असते."

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. "हे पाह्य, तुहा भाऊ काय सांगते," भाऊजी म्हणाले, आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. एकदा बोलून टाकलं की हलकं वाटतं, असं ऐकलं होतं. दुसऱ्यांदा बोलावं लागतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

ताईनं ट्रे जमिनीवरच ठेवला. "अरे, अकोल्याले डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं मी यायले! हात थरथरते का, नजर गेली का, रातभर इचार. चष्मा लावला रे यायले!"

"मले चांगलं दिसे," भाऊजी म्हणाले. "तुले बरं वाटावं म्हणून लावला."

गिऱ्हाईक आलं. भाऊजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "जीप नाई विकायची. बिघाड सापडला."

"कुठं होता बिघाड?"

भाऊजींनी माझ्याकडे हनुवटी केली. "हा काय, चहा पिऊन रायला."

गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं. त्याच्यापुरती ती थट्टा होती.

तो गेल्यावर भाऊजींनी बॉनेट उघडलं. दोन वर्षं उभी गाडी, बॅटरी केव्हाच मेलेली. पाना घेऊन ते तिचे नट सोडवू लागले. हात अजिबात थरथरत नव्हते. मी उठलो, बाह्या वर केल्या.

"तू बस तिथंच," मान वर न करता ते म्हणाले. "लागलं तं आवाज देईन."

मी संध्याकाळपर्यंत बसलो. त्यांनी आवाज दिला नाही.