थांब्याचं नाव

आमच्या शाळेपाशी बस आली की कंडक्टर ओरडायचा, "येड्यायची शाळा! चला, उतरा लवकर."

तो शिवी देत नव्हता. बाजार समिती, जिनिंग, स्टँड, तसंच हेही एक नाव, इतक्या सरळ गळ्यानं ओरडायचा. मला त्या सरळपणाचाच जास्त राग यायचा.

कारंज्याच्या वेशीवर नगरपालिकेचा जकात नाका होता. जकात बंद झाली, नाका ओस पडला आणि त्याच्या दोन खोल्यांत लहान मुलांची ही सरकारी शाळा आली. कुणाला ऐकू येत नाही, कुणाचे पाय कडक, कुणी पाच वर्षांचं झालं तरी बोलत नाही. मी त्यांना शिकवते. थांब्याला लोक आधी 'नाका' म्हणायचे. आमची मुलं आली आणि नाका गेला. नाव ठेवण्याचे मराठीत दोन अर्थ आहेत, आमच्या वाट्याला दोन्ही एकदमच आले. खरं सांगते, त्या शाळेत वेडं असलंच कुणी तर ती मी, आणि मला त्याचा पगार मिळतो.

हा ताठा मला आज्याकडून आलाय. गावात त्याला अर्ध्या नावानं हाका मारायचे. बौद्ध झाल्यावर त्यानं ठरवलं, पूर्ण नाव घेतल्याशिवाय ओ द्यायची नाही. हातची कामं गेली, तरी त्यानं ओ दिली नाही. आमच्या घरात ही गोष्ट भाकरीबरोबर वाढली जायची.

माझ्याच बसमध्ये इंझोरीहून एक तरुण बाई चढायची. कडेवर पाच वर्षांची मुलगी, आमच्याच शाळेतली. मी थांब्यावर उतरायची, ती मात्र बसूनच राहायची. पुढच्या थांब्याला, कापसाच्या जिनिंगपाशी उतरायची आणि तेवढा रस्ता पोरीला उचलून मागं चालत यायची. पोचेपर्यंत मुलीच्या पायांच्या व्यायामाची वेळ निघून गेलेली असायची. आधी मला वाटलं, डुलकी लागत असेल. मग एक दिवस विचारलंच.

सासूची अट होती. पोरीला शाळेत ने, पण त्या नावावर उतरू नको. बसमध्ये गावचे लोक असतात, आणि धाकट्या नणदेचं लग्न जमायचं होतं. घरात एक येडं आहे असं पाहुण्यांच्या कानावर गेलं तर शाळा बंद.

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. ऊन तापायला लागलं तेव्हा मात्र म्हणाली, "मॅडम, पोरगी जड झाली. आता नाई होत माह्याच्यानं."

मुलगी तेव्हा टेबलाला धरून नुकती उभी राहायला लागली होती. उभी राहिली की सगळ्यांकडे असं बघायची, जणू टेबल तिच्या बापाचं आहे. घरी बसली असती तर ते पाय महिनाभरात पुन्हा आखडले असते. एका नावासाठी मी ते होऊ देणार नव्हते.

मी कंडक्टरला नीट समजावलं. तो हसला. "सारेच म्हणतेत मॅडम. म्या का बारसं केलं त्याचं?"

दुसऱ्या दिवशी तो ओरडला आणि मी जागची हलले नाही. म्हटलं, असल्या नावाच्या शाळेत मी नोकरीला नाही. बस उभी. लोक कुरकुरायला लागले. एक धोतरवाले बाबा म्हणाले, नाव घेतल्यानं कोणी येडं होते का, उतरा ना बाई. मी म्हटलं, मग उद्यापासून तुमचाच नातू घेऊन या इथं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. कंडक्टरही माझ्यासारखाच हट्टी निघाला. त्यानं डबल घंटी मारली आणि मला थेट जिनिंगवर नेऊन सोडलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी जिनिंगवरून चालत यायला लागलो. मुलगी कधी तिच्या कडेवर, कधी माझ्या. ती खरंच जड होती. घाम पुसता पुसता मी कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि ती तोंडाला पदर लावून हसायची.

मग तो सोमवार आला. बस खच्चून भरलेली, त्यात इंझोरीच्या बायाही होत्या. कंडक्टर नेहमीसारखा ओरडला. कुणी उठलं नाही. त्यानं दोरीला हात घातला, तेवढ्यात ती पोरीला घेऊन उभी राहिली.

"थांबव, भाऊ."

तो म्हणाला, तुमचा थांबा तर जिनिंग ना?

"येड्यायची शाळा कुठं हाये, मले माहीत नाई. माह्या पोरीची शाळा इथं हाये. इथंच उतरतो मी."

गावच्या बाया तिच्याकडे बघत होत्या आणि ती त्यांच्याकडे. मी तिच्या मागून उतरले.

दुसऱ्या दिवशी ती येते की नाही, याची मला भीती होती. इंझोरीला बस थांबेपर्यंत मी देवाचं नाव घेणारी बाई नसूनही पुटपुटत होते. ती चढली. सासू काल जेवली नाही, म्हणाली. नणदेचं जमायचं तेव्हा जमेल. पण आज सकाळी पोरीची वेणी सासूनंच घातली. वेणी फार घट्ट झाली होती.

शाळा आली. कंडक्टर काहीच ओरडला नाही. आमच्याकडे न बघता गुपचूप एक घंटी मारली. बस थांबली. मला वाटलं, जिंकलो. मी पिशवी उचलली, तर तिनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

"बसा मॅडम. नाव घेऊ द्या त्याले."

मागच्या बाकावरची एक म्हातारी नव्या नवरीला म्हणावं तशी म्हणाली, "घे ना रे बावा नाव. लाजतं काहून?" सगळी बस हसली. कंडक्टर कानापर्यंत लाल झाला. दाराकडे तोंड करून हळूच म्हणाला, "शाळा."

तिनं पोरीला कडेवर नीट घेतलं, पण उठली नाही.

"मांगच्यायले आयकू नाई आलं, भाऊ."