ओलांडलेला शब्द

माझा स्वभाव तेव्हाही तापट होता, आताही आहे. फरक इतकाच की तेव्हा माझं ऐकायला चाळीस पोरं होती. आता फक्त घरचे आहेत, अन् ते ऐकत नाहीत.

तेव्हा म्हणजे स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत. मी बावीस वर्षांचा, ब्रह्मपुरीहून उठून गोंडपिपरीच्या पलीकडं जंगलातल्या एका धानाच्या गावी गुरुजी म्हणून गेलो होतो. चार वर्ग, एक खोली आणि एक मी.

पुस्तकं वरून येत. ती लिहिणाऱ्यांनी समुद्र पाहिलेला असावा, कारण चौथीच्या पुस्तकात जिकडंतिकडं समुद्रच. ‘खलाशांनी शीड उभारले. दूरवर दीपगृह दिसू लागले.’ अरे बापा! माझ्या पोरांनी गावाची बोडी, म्हणजे धानासाठीचं लहानसं तळं, पाहिली होती, शाळेमागचा नाला पाहिला होता, अन् ज्यांचे मामा वैनगंगेकाठी राहत त्यांनी नदी पाहिली होती. समुद्र तर मीही पाहिला नव्हता. पहिलं वर्षभर मी अर्थ सांगत गेलो, पोरं घोकत गेली, अन् दिवाळीच्या सुट्टीत सगळं विसरून आली. माझं डोकं असं फिरलं की मी पुस्तक भिंतीवर फेकलं. मग मीच उठून ते आणलं, कारण दुसरं मिळणार नव्हतं.

एक दिवस रागाच्या भरात साऱ्यांना नाल्यावर नेलं. पोरं नेहमीसारखी दगडा-दगडावरून पलीकडं गेली. मी विचारलं, “एखादा दगड डगमगला तर काय करता रे?”

“फुडच्यावर जातो जी.”

“त्याच्यावरच उभं राहून रडत नाही ना?”

“नाई जी!” सगळे हसायला लागले.

“मग वाचतानाही तसंच करा. शब्द अडला, ओलांडा. पुढचं वाक्य वाचा, चित्र पाहा. आणि मग परत या. पुढून पाहिलं की मागचा शब्द कळतो. पण परत यायचंच. जो परत येणार नाही त्याची गाठ माझ्याशी.” अन् छडी दगडावर आपटली. मला वाटलं, मी काहीतरी मोठा शोध लावला.

अन् खरंच उपयोग झाला. चौथीत पाच जण होते, त्यांत एकच मुलगी. दहा-अकरा वर्षांची, काटकुळी, डोक्याला तेलाचा थेंब नाही. पण एकदा पुस्तक हातात आलं की तिला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खलाशी धरला.

“शीड म्हंजे कापड असन जी. वारा भरला म्हनून लिवलं हाये फुडं. अन् खलाशी म्हंजे डोंगा चालवनारा. आमच्या मामाच्या गावी डोंगा हाये, पन त्याले कापड नाई.”

“आणि दीपगृह?”

“दिव्याचं घर. डोंगेवाल्याईले अंधारात दिसाले पायजे ना.” जरा थांबून म्हणाली, “पन असं पान्यापाशी राह्यते कोन?”

ते मलाही माहीत नव्हतं. पण त्या दिवशी मी खोलीवर जाऊन भात शिजवता शिजवता एकटाच हसत होतो. शिकवण्याचा आनंद म्हणतात तो मला त्या पोरीनं दिला.

ब्रह्मपुरीला मुलींचं एक वसतिगृह नुकतंच सुरू झालं होतं. पाचवीपासून सातवीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण. सातवी झाली की मास्तरीणबाईची नोकरी मिळे. मी ओळखीपाळखी लावून आमच्या बाजूची एक जागा तिच्यासाठी राखून घेतली, अट एकच, चौथी पास. मग तिच्या बापाकडं गेलो. बाप शांत माणूस होता. धान निघालं की बांबू तोडायला जंगलात जायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“चौथी पास झाली तं धाडतो गुरुजी,” तो म्हणाला. “नाई झाली तं मंग मले काई म्हनू नोका. पोरगा पाहून ठेवला हाये. उन्हाळ्यात लगीन.”

“होणारच पास, भाऊ. तुम्ही बिनघोर राहा.” किती ऐटीत बोललो होतो मी!

फाल्गुनात तो कूपावर गेला. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. माणसं महिना महिना तिथंच झोपडी घालून राहत. चार-आठ दिवसांनी बातमी आली की त्याच कूपावरून शेजारच्या गावचा एक माणूस वाघानं नेला. गावात दोन दिवस कोणी मोठ्यानं बोललं नाही. मोह टपटपत होता, पण बाया टोळीनं जायच्या अन् ऊन चढायच्या आत परत यायच्या.

आणि माझं नशीब पाहा, त्याच आठवड्यात वर्गात वाघाचा धडा आला. जंगलाचा एवढा एकच धडा त्या पुस्तकात. मला वाटलं, आता तरी पोरांना अडायला काही नाही. मी तिला उभं केलं.

“एका रानात एक मोठा राहत होता,” तिनं वाचलं.

“मोठा काय?”

गप्प.

“नीट वाच.”

“एका रानात एक मोठा राहत होता.”

वाटलं, गेली मेहनत पाण्यात! ही अक्षरं वाचतच नाही, चित्राकडं पाहून मनानं जुळवते, अन् ही खोड आपणच लावली. “अक्षरं पाहा, अक्षरं!” मी ओरडलो. तिनं मान खाली घातली. मी तिच्या हातावर छडी मारली. दोन मारल्या. दुसऱ्या दिवशी तिनं ‘मोठा’ही म्हटलं नाही. ‘वाघ’ शब्द आला की ती गप्प राहायची अन् पुढच्या शब्दापासून घडघडा वाचायची. मी म्हटलं, “परत ये मागं.” ती आली नाही. पुन्हा छडी.

त्या दिवशी तिची माय शाळेच्या दाराशी आली. डोक्यावर मोहाची टोपली तशीच.

“गुरुजी, पोरीले काऊन मारून राह्यले जी?”

“बाई, हिला साधा वाघ वाचता येत नाही!”

तिनं पदर तोंडाशी नेला. मग हळू आवाजात म्हणाली, “घरचं मानूस रानात असलं का घरच्याईनं त्या जनावराचं नाव घ्याचं नाई जी, ‘मोठा’ म्हनाचं. नाव घेतलं का हाक मारल्यावानी होते. तिचा बाप तिकडं हाये ना.”

“किती दिवस असं?”

“मानूस घरी येऊन पाय धुवेपरेंत.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीपगृहाचा अर्थ लावणारी पोर, अन् मी तिला दोन अक्षरांसाठी मारलं होतं. साऱ्या पुस्तकात तिच्या सगळ्यात ओळखीचा शब्द तोच होता. मी तिला म्हणालो, “चुकलं माझं. बाबा येईपर्यंत तो धडा बंद.” ती म्हणाली, “व्हय जी,” अन् समुद्राचा धडा काढून बसली. परीक्षेला तीन आठवडे होते, बाप पाडव्यापर्यंत येणार होता. हिशेब बरोबर जमत होता, म्हणून मी निश्चिंत झालो.

परीक्षा घेणारे डिपुटी साहेब बारा दिवस आधीच आले. दौरा बदलला होता. छकड्यातून उतरले, हातपाय धुतले, अन् म्हणाले, “चला गुरुजी, चौथी आटपून घेऊ.” बाप अजून कूपावरच होता.

साहेब वाईट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी तिला आधी समुद्रच वाचायला दिला. तिनं तो असा वाचला की साहेब पुस्तक मिटून ऐकत राहिले. खलाशी, शीड, दीपगृह, सगळं सांगितलं.

“वा! कुठं पाहिलंस गं दीपगृह?”

“नाई पाह्यलं जी. फुडच्या वाक्यात होतं.”

साहेब खो-खो हसले. माझा जीव भांड्यात पडला. अन् मग खूश होऊन, केवळ खूश होऊन, ते म्हणाले, “इतकं अवघड वाचलंस, आता तुझ्या घरचा धडा घे. जंगलातली पोर तू.” अन् त्यांनी पान उघडून दिलं.

“एका रानात एक,” ती थांबली. “राहत होता. तो फार म्हातारा झाला होता.”

“थांब, थांब. मधला शब्द?”

गप्प. साहेबांनी शब्दावर बोट ठेवलं. गप्प. मी पुढं झालो, सगळं सांगितलं. कूप, नेलेला माणूस, तिचा बाप. साहेबांनी चष्मा काढला.

“गुरुजी, तुम्ही शाळा कशासाठी चालवता? हे घालवायला की जपायला?”

“साहेब, दुसरा कोणताही धडा द्या. पन्नास धडे द्या.”

“प्रश्न धड्याचा नाही. सांगूनही वाचत नाही, तिला मी वाचनात पास लिहू?” मग तिच्याकडं वळून अगदी मायेनं म्हणाले, “बाळ, काही होत नसतं. एकदा म्हण, मी लगेच पास लिहितो. गुरुजी, तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल.”

आता जे लिहितो त्याची मला आजही लाज वाटते. मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो. “म्हण बाई. एकदाच. हळूच म्हण, कोणाला ऐकू जाणार नाही. ब्रह्मपुरीला जायचं ना?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. माय ज्या दिवशी आली होती त्या दिवशी मी या पोरीची माफी मागितली होती. ते तिच्या लक्षात होतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. ओठ हलले, अन् मला वाटलं, म्हणते आता. मग तिनं मान हलवली.

“बाबा आले का म्हनतो जी.”

साहेबांनी ‘नापास’ लिहिलं, सही केली, रजिस्टर पेटीत टाकलं. छकडा निघाला तेव्हा मी त्याच्या मागं नाल्यापर्यंत चालत गेलो, बोलत बोलत, हात जोडत. साहेब शेवटी म्हणाले, “उन्हात नका येऊ, परत जा.” मी परत आलो. नंतर दोन पत्रं लिहिली, त्यांचं उत्तर आलं नाही. जागा दुसरीला गेली अन् वैशाखात तिचं लग्न झालं. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आशा धरायला नको. मी धरली होती, तेवढी पुरे.

पाच दिवसांनी, रविवार होता, मी शाळेची खोली सारवत होतो. ती धावत आली. छातीशी पुस्तक.

“बाबा आले जी! पाय धुतले. मी सोता पानी टाकलं पायावर.”

मी काही बोलायच्या आत ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली, जमीन ओली होती तरी. पुस्तक उघडलं अन् वाचायला लागली.

“एका रानात एक वाघ राहत होता.”

आवाज असा लावला की बाहेर बांधलेल्या बकऱ्या उठून उभ्या राहिल्या. सबंध धडा वाचला. जिथं जिथं वाघ होता तिथं जास्तच मोठ्यानं. एक अक्षर चुकली नाही. मी शेणाचे हात तसेच घेऊन उभा होतो अन् माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, मी खूश होऊन रडतो आहे.

“परत आली ना जी मी? तुमीच सांगतलं होतं. आता लिवा पास.”

रजिस्टर साहेबांच्या पेटीत होतं, पेटी तालुक्याला. माझ्याजवळ दौत होती, टाक होता. मी हात धुतले, तिचं पुस्तक घेतलं, पहिल्या पानावर ‘वाचन : पास’ लिहिलं अन् खाली सही केली. तिला खरं सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं, पण तिचा चेहरा पाहून माझी जीभच उचलली नाही. उद्या सांगू म्हटलं. ती शाई वाळू देण्यापुरतीही थांबली नाही. पान उघडं धरून फुंकर घालत घराकडं पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप दाराशी उभा. खांद्यावर धुतलेलं धोतर, हातात तेच पुस्तक, सहीचं पान उघडं धरलेलं. त्याला वाचता येत नव्हतं.

“पोरगेवाल्याईले नाई म्हनून सांगून आलो जी,” तो म्हणाला. “ब्रह्मपुरीले कवा धाडू तिले?”