सहीच्या फोल्डरमधला तळचा कागद

मंडळाच्या कार्यक्रमात अजूनही कोणी ना कोणी मला गाठतं. "काकू, तुम्ही त्या नॉर्वेच्या वकिलांकडे कामाला होतात ना? केवढे मोठे झाले हो ते!" झाले बाई, मोठे झाले. मी बघितलंय ना. त्यांच्या मोठं होण्याचं निम्मं टपाल माझ्या बोटांनी टाइप केलंय. त्या टपालात माझ्या आईचाही एक कागद होता, पण त्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि मीही सांगत नाही. आज सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीत पार्सिपनीजवळच्या एका गावात, हार्डवेअरच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. तिकडे नॉर्वेत काही वर्षं वकिली केलेली, इकडे येऊन पुन्हा सगळ्या परीक्षा दिलेल्या. उंच इतके की गुडघे टेबलाखाली मावत नसत. दुपारी बाराच्या ठोक्याला डबा उघडायचा आणि काळ्या पावावर तपकिरी, गोडसर चीज ठेवून खायचं. बोलणं मोजकं. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. मी नागपूरला सीताबर्डीवर टायपिंग शिकलेली, त्या जोरावर त्यांच्याकडे लागले. तेव्हा ते गावच्या कौन्सिलवर निवडून आलेले होते, बाकी दिवसभर आमच्यासारख्यांचे इमिग्रेशनचे कागद करत.

मी सिटिझन झाले आणि लगेच आईचा अर्ज भरला. वडील गेलेले, मी एकुलती एक. आई नागपूरला दोन खोल्यांत एकटी. तिला माझ्याकडे आणायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. काही महिन्यांनी सरकारी पत्र आलं, की ही बाई तुमची आई कशावरून?

प्रश्न त्यांच्या जागी बरोबरच होता. लग्नात यांनी तांदळात माझं नवं नाव लिहिलं होतं, पेढे वाटले, सगळे हसले. आईचंही तिच्या लग्नात तसंच बदललेलं. त्यातून माझा जन्म आजोळचा. आजोबांनी नोंद केली ती आपल्या लेकीच्या माहेरच्या नावानं. झालं! कागदावर आम्ही मायलेकी नव्हतोच, चार परक्या बायका होतो.

मी लाजत लाजत साहेबांना हे सांगितलं. वाटलं, हसतील. ते म्हणाले, "माझे आजोबा दुसऱ्या शेतावर राहायला गेले, तेव्हा त्यांचं आडनाव बदललं. शेताचं नाव तेच माणसाचं आडनाव. मला कळतं हे. मी समजावतो त्यांना." आणि तिथल्या तिथे उत्तर सांगितलं. तीन पानं. मी टाइप केली, आईचं प्रतिज्ञापत्र जोडलं. खाली फक्त त्यांची सही हवी होती.

त्याच आठवड्यात ते राज्याच्या असेंब्लीला उभे राहिले.

मग काय विचारता! ऑफिसात पत्रकांचे गठ्ठे, फोनवर फोन, दिवसाला पन्नास-साठ पत्रं. रोज चार वाजता मी सहीचं फोल्डर त्यांच्या टेबलावर ठेवायची. काय वर, काय खाली, ते त्यांनी माझ्यावर सोपवलेलं. ते वरून सुरू करत, हात दुखला की थांबत, आणि म्हणत, "उरलेली उद्या." उद्या नवी पत्रं येत. मी ती वर ठेवायची.

आणि आईचा कागद तळाला. रोज. माझ्या हातानं.

का? आमच्या घरी आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. कधी भाजी उरायची, कधी नुसता रस्सा. "आपलं पान शेवटी वाढावं, म्हणजे कोणी नाव ठेवत नाही," हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मीच त्यांची टायपिस्ट, मीच माझ्या आईचा कागद वर सरकवू? लोक काय म्हणतील, साहेब काय म्हणतील! हे घरी चिडायचे. "अगं, सरळ सांग ना त्यांना, आज सही करा म्हणून! भीड भिकेची बहीण, ऐकलंयस ना?" मी म्हणायची, त्यांना कळत नाही का, इतकी बुद्धिमान माणसं.

त्यात एकदा एका चर्चच्या तळघरात त्यांची सभा होती. मी दाराशी पत्रकं वाटत होते. साहेब बोलता बोलता म्हणाले, "माझ्या ऑफिसात एक बाई आहे. सरकारच्या लेखी ती आणि तिची आई मिळून चार बायका आहेत. मला हे बदलायचंय." टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, आहे, लक्षात आहे त्यांच्या. आता मी तोंडानं कशाला बोलायचं?

दोनदा त्यांनी विचारलंही. "आईच्या कागदांचं ठीक चाललंय ना?" आणि मी, मूर्ख बाई, काय म्हणाले? "हो हो. काही घाई नाही." आपल्याकडे काही घाई नाही म्हटलं की समोरचा समजतो, घाई आहे. पाहुणा पोळी नको म्हणाला तरी आपण वाढतोच ना? पण हा नॉर्वेचा माणूस. घाई नाही म्हणजे नाही. त्यांनी मान हलवली आणि फोन उचलला.

तिकडे आईनं आवराआवर सुरू केली होती. मीच मेलीनं लिहिलं होतं, दिवाळीपर्यंत होईल. तिनं भांडी वाटली, कपाट विकलं. रजई कामवालीला देऊन टाकली. लिहिलं, "विमानात एवढं बोचकं कोण घेईल? तुझ्याकडे असतीलच की ढीगभर." एक ट्रंक, एक ताट, एक पातळसं पांघरूण, एवढ्यावर ती राहत होती. दिवाळी गेली. मी कळवलं, साहेबांची निवडणूक आहे, जरा थांब. तिनं उलट टपाली लिहिलं, "त्यांचं मोठं काम. होऊ दे आधी."

नोव्हेंबरात साहेब निवडून आले. ऑफिसात केक कापला. आभाराची पत्रं निघाली, शेकड्यांनी, आणि तीही मी वरच ठेवली.

डिसेंबरात नागपूरला कडाक्याची थंडी पडली. आईला न्यूमोनिया झाला. चार दिवसांत गेली. शेजारच्या काकांचा ट्रंक कॉल आला, तोवर सगळं उरकलंही होतं.

सोमवारी मी ऑफिसला गेले. साहेब राज्याच्या राजधानीतल्या ऑफिसात न्यायची खोकी भरत होते. गाडीत येताना मी त्यांना ऐकवायच्या सगळ्या शिव्या जुळवून आणल्या होत्या. म्हटलं, आज सोडत नाही. मी सांगितलं, आई गेली. त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"पण अर्ज? आपल्या पत्राला उत्तर आलं नाही का?"

मी फोल्डर उघडलं आणि तळचा कागद काढून समोर ठेवला. कडा मळल्या होत्या. त्यांनी तिन्ही पानं वाचली. मग सहीची रिकामी जागा बघत बसले.

"हा कधीपासून इथे आहे?"

"सप्टेंबरपासून."

"मला वाटलं, हा केव्हाच गेला. मी विचारलं होतं तुला." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. "तू हा वर का नाही ठेवलास?"

त्यांना खरोखरच कळत नव्हतं. गाडीत जुळवलेल्या माझ्या त्या शिव्या! कुणाला देणार होते मी त्या?

पुढे ते राजधानीला गेले, वर वर चढत गेले. मला बरोबर चल म्हणाले, मी नाही म्हटलं. त्यांनी ते लगेच मानलं.

त्या सोमवारनंतर आठवडाभरानं आईचं पत्र आलं, आजारी पडण्याआधी टाकलेलं. निळ्या एरोग्रामवर चारच ओळी. शेवटची ओळ होती, "साहेब जिंकले ना गं? चला, आता आपलं पान वाढायला हरकत नाही." मी ते वाचलं, त्या दिवशी तिकडे तिचा दहावा होता.