चित्र लहान करा

मुक्ता आणि ईशान, मागच्या रविवारी तुमच्या शाळेच्या कार्यक्रमाचं चित्रण मी पाहत होते आणि तुम्ही फोनवर होतात. तुम्ही म्हणालात, "आजी, मोठ्या टीव्हीवर लाव ना." मी म्हटलं, "नको, लहानच बरं." तुम्ही दोघं हसलात. आजीला नवं काही जमत नाही, असं तुम्हाला वाटलं असणार. मला जमतं. पण या सवयीमागे एक माणूस आहे, आणि त्याच्याविषयी तुम्हाला सांगू शकेल असं इथे आता माझ्याखेरीज कोणी राहिलेलं नाही. म्हणून नीट बसून लिहिते आहे.

बंद पडलेलं इंटरनेट दुरुस्त करायला छत्री घेऊन घराबाहेर पडणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच झाला असेल, आणि तो आमच्या सिंदेवाहीत झाला. आम्ही त्यांना बोडीवाले भाऊ म्हणत असू. बोडी म्हणजे लहान तळं. त्यांचं घर बोडीच्या पाळीला लागून होतं, घराण्याचा धंदा मासेमारीचा. सकाळी ते जाळं टाकत आणि दुपारी बसस्टँडजवळच्या एका खोलीत लोकांचे जुने कॉम्प्युटर उघडून बसत. हे दोन वेगळे धंदे आहेत हे त्यांना कधी पटलं नाही. पडद्यावर "पान दाखवता येत नाही" असं आलं की दुसरा माणूस बटणं दाबत सुटला असता. भाऊ उठत, खांद्यावरचा दुपट्टा झटकत आणि टेलिफोनच्या तारेखालून चालू लागत. "बांधीत पानी नाई आलं त बांधी पाहून काय होते जी? पाटानं वर जा लागते," असं ते म्हणत. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा. तारेवर फांदी पडलेली दिसे, कुठे माकडांनी झोका घेतलेला असे. बहुतेक वेळा काहीच सापडत नसे, पण वाटेत चार घरी चहा होई आणि परत येईपर्यंत लाइन आपोआप सुरू झालेली असे. त्याचं श्रेय ते निःसंकोच घेत.

आमचा कॉम्प्युटर तुमच्या बाबांचा. परदेशी जाताना ते तो इथे ठेवून गेले होते, आणि तेव्हाच तो म्हातारा झाला होता. त्याच्या आतली लहान बॅटरी संपलेली होती, त्यामुळे लाइट गेली की तो सगळं विसरून स्वतःच्या जन्माच्या तारखेला जाऊन बसे. मग इंटरनेटवरची पानं त्याला आत घेत नसत, प्रमाणपत्र चालत नाही म्हणून सांगत. तारीख बरोबर केली की सगळं चालतं, हे भाऊंनी एकदा ताडलं आणि तेव्हापासून कोणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी विचारत, "आजची तारीख काय हो बाई?" एका लग्नातही त्यांनी नवरदेवाच्या वडिलांना तसंच विचारलं होतं.

इंग्रजी त्यांना येत नसे, पण पडद्यावरचा मजकूर पूर्ण ऐकल्याशिवाय ते काही दाबू देत नसत. वाचून मराठीत सांगण्याचं काम माझं. एकदा मी वाचलं, "या कार्यक्रमाने बेकायदेशीर कृत्य केले असून तो बंद करण्यात येत आहे." भाऊ गंभीर झाले. कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, "खोटं आहे बाई. सकाळपासून इथीच बसून आहो मी. काहीच नाई केलं त्यानं."

त्यांचा आणखी एक हट्ट होता. त्यांच्या दुकानात सिनेमा लावला की चित्राची चौकट माचिसच्या पेटीएवढी ठेवत. मोठं केलं की जुना कॉम्प्युटर अडखळतो, चित्र मागे राहतं आणि आवाज पुढे पळतो, हे खरंच होतं. पण बसची वाट पाहणारी मंडळी ऐकतात थोडीच.
"भाऊ, हिरो आहे का मुंगी आहे हे?"
"मुंगीच समज. मोठं केलं त दम लागते त्याले."
"मग दुर्बीण त देत जा ना."
"तू बस पाह्य बाबा, गेली तुही गडचिरोलीची."

आता तुमच्या आजोबांकडे येते. धानाच्या संशोधन केंद्रातून ते निवृत्त झाले होते. नुसती लोंबी हातात घेऊन वाण सांगणारा माणूस, आणि त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. समोर ठेवलेला पेला त्यांना दिसे, शेजारचा त्यांच्याच हातानं लवंडे. आहे ती नजर किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर आजोबा फक्त तुमच्या बाबांना फोनवर म्हणाले, "पोरगी चालायला लागली की चित्र पाठव. लवकर पाठव."

सीडी आली. मुक्ता, तू त्यात पहिल्यांदा चालली होतीस. आजोबा नवा सदरा घालून खुर्चीवर बसले आणि मी सीडी लावली. आवाज आला. तू हसलीस, तुझी आई "ये, ये" म्हणाली, काहीतरी धातूचं आपटलं आणि तू पुन्हा हसलीस. चित्राच्या जागी मात्र नुसता काळा चौकोन.

बोलावल्यावर भाऊ आले आणि त्यांनी सीडी दुपट्ट्यानं पुसली, मधून बाहेर, खवले काढल्यासारखी. काळंच. "आवाज येऊन राह्यला ना, मंग मासोळी पान्यात आहे," ते म्हणाले. चित्र नव्या तऱ्हेनं भरलेलं होतं आणि आमच्या कॉम्प्युटरला ते उलगडता येत नव्हतं, त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लागणार होता. तो इंटरनेटवरून उतरवायला घेतला की अर्ध्यात लाइन तुटे, आणि भाऊ छत्री घेऊन निघत. तेवढ्या दिवसांत आजोबा रोज तो काळा चौकोन लावून ऐकत. कुठे हसू येतं ते त्यांना पाठ झालं. आपटलं ते ताट, असं त्यांचं म्हणणं. मी चमचा म्हणे. यावर आमचं चांगलंच वाजलं. एका सकाळी ते मला म्हणाले, "दारावरचं तोरण काढलंस का?" तोरण जागेवरच होतं. मी भाऊंना तेवढंच सांगितलं.

त्या दिवशी भाऊंनी जाळं टाकलं नाही. पहिल्या बसनं चंद्रपूरला गेले आणि कोणाकडून तरी तो प्रोग्राम फ्लॉपीवर घेऊन आले. बसच्या इंजिनातल्या चुंबकानं फ्लॉपी पुसली जाते अशी त्यांची खात्री होती, म्हणून ती जेवणाच्या स्टीलच्या डब्यात आणली. तिला लोणच्याचा वास होता, पण ती चालली. काळ्या चौकोनात भिंत दिसली, मग तू.

साहेबांची नजर कमी, म्हणून भाऊंनी आपला हट्ट सोडला आणि चित्र पडदाभर मोठं केलं. कॉम्प्युटर धापा टाकत ते चालवू लागला. आम्ही सगळे पडद्याकडे पाहत होतो, भाऊ मात्र आजोबांकडे. आजोबा मान इकडून तिकडे फिरवत होते, बांबूच्या पोकळ कांडीतून पाहिल्यासारखी.

"साहेब, पोरगी दिसते का?"

"पाय दिसला. चेहरा कुठे गेला कळत नाही."

नंतर म्हणाले, "राहू द्या भाऊ. आवाज आहे ना."

भाऊ पुढे झाले, चित्र लहान केलं, आणखी लहान केलं, माचिसच्या पेटीएवढं. मग आजोबांची खुर्ची त्यांच्यासकट थोडी मागे ओढली. "आता पाहा जी," ते म्हणाले. "सारी पोरगी एका ठिकानी आनली."

आजोबांची मान थांबली. तू भिंतीचा हात सोडलास, हातातली वाटी फेकलीस, आणि आलीस. आजोबा मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताट नव्हतं. चमचाही नव्हता." आणि भाऊंना, "पुन्हा लावा."

भाऊंनी पुन्हा लावलं, आणि पुन्हा. त्यांना शोधत आलेलं दुकानाचं गिऱ्हाईक बाहेर हाका मारत होतं. भाऊ दारातून म्हणाले, "काऊन घाई करतं? तुहा कॉम्प्युटर कुठी पळून जाते काय?"

पुढे आजोबांची ती उरलेली नजरही गेली. तरी ते सीडी लावायला सांगत, डोळे मिटून ऐकत, आणि ठरलेल्या जागी हळूच म्हणत, "आता वाटी." आवाज कशाचा, यावर आमचं पुन्हा कधी वाजलं नाही. भाऊ थकल्यावर माजरीला मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले. जाण्यापूर्वी भेटायला आले तेव्हा दारातच त्यांनी मला तारीख विचारली. मी सांगितली. त्यांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

त्यांच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. टेलिफोनच्या तारा कधीच निघाल्या. बोडी आहे, पाळीवरचं त्यांचं घर पडलं आहे. सीडीवर ओरखडे आले, पण त्याआधीच तुमच्या बाबांनी ते चित्रण नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. चित्र आणि आवाज, दोन्ही शाबूत आहेत.